ठिणगीची बैठक

माझ्या टेबलावर पितळी पत्र्याचे तीन तुकडे आहेत. बोटभर रुंद, कडा कानशीने साफ केलेल्या. मायक्रोमीटरवर दोन पाच थाऊ भरतात, एक तीन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या सांगली-कोल्हापूर भागातल्या कारखान्यांत हाच शब्द चालतो. एका जुन्या मोटारसायकलच्या मॅग्नेटोखाली हे तुकडे पन्नास वर्षांहून अधिक काळ दबून होते. ते ज्यांनी कापून बसवले त्या मिस्त्रींवर आमच्या घराने एक आरोप ठेवला होता. तो आरोप खरा होता की खोटा, हे शोधता शोधता मी मॅग्नेटोच्या इतिहासात शिरलो.

प्रसंग मार्च १९६९ चा आहे. माझी थोरली बहीण, ताई, अकरावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसली होती. केंद्र चौदा मैलांवर. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला आपल्या गाडीवरून नेत. गाडी युद्धकाळातली, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आमच्याकडे आलेली, ब्रिटिश बनावटीची एका सिलिंडरची. दुपारचा बीजगणिताचा पेपर होता. वाटेत रेल्वेचे फाटक बंद होते म्हणून अण्णांनी इंजिन बंद केले. गाडी गेली, फाटक उघडले आणि किक मारून मारून अण्णांचा पाय सुजला तरी इंजिन लागले नाही. अर्ध्या-पाऊण तासाने, कोणी हातही न लावता, पहिल्या किकला लागले. ताईला वर्गात घेतले नाही. ऑक्टोबरला ती पुन्हा बसली, पास झाली, पण तोवर कॉलेजचे वर्ष गेले होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न ठरले.

आठच दिवसांपूर्वी मिस्त्रींनी मॅग्नेटो काढून पुन्हा बसवला होता. अण्णा थेट त्यांच्या दुकानात गेले. "टायमिंग चुकवलंस तू," एवढेच म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, बैठक माझी हाय, ती चुकायची न्हाई. आतलं काय मी उघडलेलं न्हाई." वीस वर्षांची मैत्री त्या दिवशी संपली. गाडी गोठ्याच्या आढ्याखाली उभी राहिली. अण्णांनी पुढे स्कूटर घेतली आणि त्या जुन्या गाडीला पुन्हा कोणाचा हात लागला नाही.

मी पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवले. निवृत्तीनंतर गाडी उघडायला घेतली तेव्हा "बैठक माझी हाय" हे वाक्य मनात होते. बैठक म्हणजे मॅग्नेटो इंजिनावर जिथे आणि जसा बसतो ती जागा. त्या जागेला एवढे महत्त्व का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

बॅटरीवाचून ठिणगी

पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात इंधन पेटवणे हीच मोठी अडचण होती. गॉटलीब डाइमलरच्या १८८५ च्या दुचाकीत बर्नरने तापवलेली नळी सिलिंडरमधले मिश्रण पेटवी. ज्वाला वाऱ्याने विझे, शिवाय पेटण्याची नेमकी वेळ हातात नसे. फ्रान्सच्या द दिओं-बुतोंने बॅटरी आणि कॉइल वापरली. ठिणगी चांगली पडे, पण बॅटरी उतरली की प्रवास संपला.

फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले होते की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज उत्पन्न होते. मग इंजिनानेच वेटोळे फिरवावे आणि स्वतःची ठिणगी स्वतः तयार करावी, ही मॅग्नेटोची कल्पना. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये श्टुटगार्टला छोटे वर्कशॉप काढले आणि पुढच्याच वर्षी एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी असा मॅग्नेटो बनवला. तो संथ इंजिनांसाठी ठीक होता. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाने द दिओं-बुतोंची तीनचाकी मोटार बॉशकडे आणली. तिचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेई. जुन्या रचनेतले जड आर्मेचर त्या वेगाला पुरे पडेना. आर्नोल्ड त्सेरिंगर या बॉशच्या फोरमनने आर्मेचर स्थिर ठेवले आणि त्याच्याभोवती एक हलके धातूचे कवच हलते केले. वाहनावर मॅग्नेटो चालू शकतो हे या तीनचाकीने सिद्ध केले.

तरीही हा कमी दाबाचा मॅग्नेटो होता. ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत हलते संपर्क आणि त्यांना हलवणाऱ्या दांड्या लागत. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्डने एकाच आर्मेचरवर दोन वेटोळी गुंडाळली. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड तारेतला प्रवाह भरात असताना पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकदम बदलते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. तो तारेने प्लगपर्यंत न्यायचा. सिलिंडरमध्ये हलणारे काही उरले नाही.

आजही बॉशच्या प्रत्येक डब्यावर वर्तुळातले जे चिन्ह दिसते ते या मॅग्नेटोच्या आर्मेचरचा आडवा छेद आहे. होनोल्डनेच ते १९१८ मध्ये रेखाटले. बॉशची भारतीय कंपनी मायको १९५१ मध्ये बंगळूरला निघाली, पुढे तिचा कारखाना नाशिकला आला. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांनी हे चिन्ह अगणित वेळा पाहिले असेल.

शत्रूच्या देशातली ठिणगी

१९१४ पर्यंत बॉशच्या मॅग्नेटोचा दबदबा इतका होता की ब्रिटनमधल्या मोटारी आणि मोटारसायकली मोठ्या प्रमाणात जर्मन ठिणगीवर चालत. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि पुरवठा थांबला. निरोप्यांच्या मोटारसायकली, लष्कराचे ट्रक, विमाने यांची इंजिने ब्रिटनमध्ये बनत होती, पण ती पेटवणारे उपकरण शत्रूकडून येत होते.

त्या वेळी बर्मिंगहॅमची थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणाऱ्या मोजक्या ब्रिटिश कंपन्यांपैकी एक. सायकलच्या दिव्यांवर मोठ्या झालेल्या जोसेफ ल्यूकास कंपनीने १९१४ मध्येच ती विकत घेतली. कॉव्हेंट्रीत बीटीएच आणि एम-एल यांनी मॅग्नेटो बनवायला घेतले. अमेरिकेने १९१८ मध्ये तिथली बॉशची मालमत्ता शत्रूची म्हणून ताब्यात घेऊन विकली. पुढची चाळीस वर्षे "ब्रिटिश मोटारसायकलचा मॅग्नेटो" म्हणून जी चीज ओळखली गेली, ती उभी राहिली या कोंडीतून.

या ठिणगीत आपल्या देशाचाही भाग आहे. मॅग्नेटोच्या आत हजारो व्होल्टना अडवणारे दोन पदार्थ महत्त्वाचे होते: अभ्रक आणि लाख. कंडेन्सरच्या पातळ धातूपत्र्यांमध्ये अभ्रकाचे पापुद्रे घालत; काही प्लगांमध्येही अभ्रकच असे. बारीक तारेच्या वेटोळ्यांवर लाखेचे व्हार्निश चढवत. मोठ्या पापुद्र्यांच्या अभ्रकाचा त्या काळचा प्रमुख पुरवठादार हिंदुस्थान, आणि त्यातही आजच्या झारखंडातला कोडर्मा-हजारीबागचा पट्टा. लाखही त्याच छोटा नागपूरच्या जंगलांतली. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बांधलेल्या आर्मेचरमध्ये पळसा-कुसुमाच्या फांद्यांवरचा कीटक आणि कोडर्म्याच्या खाणीतला मजूर, दोघांचेही श्रम होते.

पुढे कंडेन्सरमध्ये अभ्रकाची जागा बऱ्याच ठिकाणी कागदाने घेतली. कागद स्वस्त आणि सोयीचा, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेत आणि दमटपणात त्याची रोधकशक्ती घटते. लाखही उष्णतेने मऊ पडते. हे कोणा एका कंपनीचे वैगुण्य नव्हते, त्या काळच्या पदार्थांची ती मर्यादा होती. माझ्या प्रश्नाचे उत्तर अखेर इथेच सापडणार होते.

बैठक म्हणजे नेमके काय

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. म्हणून एका सिलिंडरच्या इंजिनात मॅग्नेटो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरवतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ ठिणग्या. मॅग्नेटोवरचा एक अंशाचा फरक क्रँकवर दोन अंशांचा होतो. बैठक जरा हलली की तिचा दोष दुप्पट होऊन पिस्टनपर्यंत पोचतो.

बसवण्याचे दोन मुख्य प्रकार. एकात मॅग्नेटो आडव्या ओट्यावर बसतो, खालून बोल्टने किंवा वरून पट्ट्याने आवळलेला. दुसऱ्यात त्याच्या तोंडालाच फ्लॅंज असते आणि तो टायमिंग केसच्या पाठीला बोल्टने जोडतात. ट्रायम्फ आणि बीएसएच्या दोन सिलिंडरी गाड्यांवरचा ल्यूकास के२एफ असा बसतो. फ्लॅंजच्या प्रकारात दात्यांमधले अंतर कारखान्यातच ठरून येते. ओट्याच्या प्रकारात ते मिस्त्रीच्या हाती असते. साखळीने फिरणारा मॅग्नेटो असेल, जसा नॉर्टन १६एच मध्ये, तर साखळीचा ताण बैठकीत जुळवावा लागतो. दात्यांनी फिरणारा असेल तर खाली शिम घालून उंची साधावी लागते. उंची चुकली तर दाते एक तर आवळून रडतात, नाहीतर सैल राहून प्रत्येक ठिणगीची वेळ मागेपुढे करतात.

ओटा कशाचा, यालाही अर्थ होता. जुन्या मॅग्नेटोवर घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक असे. त्याखाली थेट लोखंड आले तर चुंबकीय रेषा आर्मेचरमधून जाण्याऐवजी लोखंडाची सोपी वाट धरतात आणि ठिणगी फिकी पडते. म्हणून मॅग्नेटोचा तळ पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा करत. आमच्या मिस्त्रींनी शिम पितळेचे कापले होते, पत्र्याच्या डब्याचे नव्हे. हे कोणत्या पुस्तकात वाचून केले असेल असे वाटत नाही. उस्तादाकडून हातात आलेले ज्ञान असावे.

जागेचाही प्रश्न होता. इंजिनाच्या पुढे मॅग्नेटो बसवला तर वाऱ्याने थंड राहतो, पण चाकाचा चिखल आणि पावसाचे पाणी अंगावर येते. सिलिंडरच्या मागे बसवला तर कोरडा राहतो, पण तापतो. व्हिन्सेंटने युद्धानंतरच्या आपल्या दोन सिलिंडरी रॅपिडमध्ये तो पुढे ठेवला. बहुतेक एकसिलिंडरी गाड्यांनी मागची जागा पसंत केली. इंग्लंडच्या पावसात हा शहाणपणाच होता. मार्चच्या दुपारी सांगली जिल्ह्यात त्याची किंमत वेगळी होती. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. ती थांबली की सिलिंडरची सगळी धग मागच्या मॅग्नेटोला मिळते.

शेवटची गोष्ट टायमिंगची. मॅग्नेटोच्या दंडाचे टोक निमुळते असते आणि त्यावरचा गिअर बऱ्याच रचनांत चावीविना, नुसत्या घर्षणाने घट्ट बसतो. त्यामुळे वेळ हवी तिथे जुळवता येते. पिस्टन वरच्या टोकापासून ठरलेल्या अंतरावर आणायचा, हँडलची तरफ पूर्ण ॲडव्हान्सला ठेवायची, पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि आर्मेचर हळू फिरवत कागद ज्या क्षणी सुटेल तिथे नट आवळायचा. सोय आहे तसा धोकाही: निमुळते टोक घसरले तर टायमिंग गेले. किक मारताना तरफ मागे घ्यायची, नाहीतर किक उलटी बसून घोटा मोडतो, हे त्या पिढीच्या प्रत्येक चालकाला माहीत होते.

मॅग्नेटो गेला, जागा राहिली

युद्धकाळात एकट्या बीएसए एम२० गाड्या सव्वा लाखाहून अधिक बनल्या. युद्धानंतर अशा अनेक ब्रिटिश गाड्या आपल्याकडे लिलावांतून नागरी रस्त्यांवर आल्या. खेड्यात बॅटरी चार्ज करून मिळण्याची मारामार असताना बॅटरीवाचून चालणारी गाडी वरदानच होती.

पण ब्रिटनमध्ये मॅग्नेटोचे दिवस भरत आले होते. अल्टरनेटर आणि बॅटरी सुधारल्या, कॉइल स्वस्त पडू लागली. १९५३ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये मॅग्नेटो काढला गेला आणि त्याच्याच जागी, त्याच दात्यांवर डिस्ट्रिब्यूटर बसला. आपल्या बुलेटचीही कहाणी तशीच. १९४९ च्या ब्रिटिश बुलेटमध्ये सिलिंडरमागे मॅगडायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनॅमो यांची जोडी होती. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. पुढे मद्रासी बुलेट कॉइलवर आली, तरी टायमिंग कव्हर उघडले की क्रँकपासून मागे जाणारी दातेरी चाकांची तीच रांग दिसे आणि तिच्या शेवटी, मॅग्नेटोच्या जुन्या जागेवर, पॉइंटचा डबा. बिडाच्या सिलिंडरची ती बुलेट पुढे अनेक दशके बनत राहिली. २००८-०९ च्या सुमारास नवे इंजिन आले तेव्हा ही रांग संपली. मॅग्नेटो जाऊन अर्धे शतक लोटले तरी इंजिनाने त्याची बैठक मोडली नव्हती.

मॅग्नेटो पूर्ण गेला असेही नाही. व्हेस्पाच्या धाटणीची बजाज स्कूटर आणि १९७० च्या दशकातली लूना यांच्यात तो फ्लायव्हीलच्या रूपाने क्रँकच्या टोकावर आला. आपले मेकॅनिक ज्याला नुसते "मॅग्नेट" म्हणतात तो हाच. यात चुंबक फिरतो आणि वेटोळे स्थिर राहते. त्यामुळे कंडेन्सर बाहेर, हाताशी असतो. काही रुपयांत बदलता येतो. जुन्या मॅग्नेटोत मात्र कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात, त्याच्याबरोबर गरगरत असतो. तो काढायचा तर आर्मेचर चुंबकातून बाहेर ओढावे लागते. जुन्या पोलादी चुंबकाला त्या वेळी लोखंडाचा आधार दिला नाही तर त्याची शक्ती घटते, आणि ती परत भरण्याचे यंत्र मोठ्या शहरातच मिळे. तालुक्याच्या गावचा जबाबदार मिस्त्री आर्मेचरला हात लावत नसे. "आतलं मी उघडलेलं न्हाई" याचा अर्थ मला इतक्या उशिरा कळला.

गोठ्यातला पुरावा

हे सगळे समजून घेतल्यावर मी मॅग्नेटो उतरवला. उतरवण्याआधी दात्यांमधली फट तपासली: पूर्ण फेरीत दाते कुठे आवळत नव्हते, कुठे सैल नव्हते. मग सिगारेटच्या कागदाने टायमिंग पाहिले. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर कागद सुटला. निमुळते टोक घसरले असेल का? गिअरचे तोंड आणि दंडाचे टोक यांवर मिस्त्रींनी अणकुचीदार खिळ्याने एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. दोन्ही तुकड्यांवरची रेघ अजून एका ओळीत होती. बैठक त्यांची होती आणि ती चुकली नव्हती.

मग आर्मेचर काढले. बाकावर फिरवले तर थंड असताना ठिणगी निळी आणि टणक. दिव्याच्या उष्णतेने हळूहळू साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवले. ठिणगी आधी पिवळी, मग तुटक, मग नाहीशी. पॉइंटवर मात्र चुरचुर जाळ दिसू लागला. पाऊण तासाने थंड झाल्यावर ठिणगी परत आली. मीटरनेही तेच सांगितले: कंडेन्सर गरम झाला की गळत होता. रेल्वे फाटकापाशी जे झाले ते माझ्या बाकावर मी तीनदा घडवून पाहिले.

मिस्त्रींना हे सापडणे अवघड का होते तेही उघड झाले. गाडी दुकानापर्यंत ढकलत आणेस्तोवर मॅग्नेटो निवलेला असे. ते किक मारत आणि ती लागे. दोष त्यांच्यासमोर कधी उभाच राहिला नाही.

अण्णांवर आता निकाल द्यायचा मला अधिकार नाही. मुलीचे वर्ष डोळ्यांसमोर गेलेल्या बापाला दोष ठेवायला कोणीतरी लागले, आणि गाडीला शेवटचा हात लावणारा माणूस समोर होता. यंत्राच्या दुरुस्तीत हा अन्याय नेहमीचा आहे. बिघाड सांगायला यंत्राला तोंड नसते, म्हणून शेवटचा हात ज्याचा, त्याच्या नावावर तो पडतो.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या मुलाचे लेथचे दुकान त्याच गल्लीत आहे. मी गेलो, शिम त्यांच्या हातावर ठेवले आणि सगळे सांगितले. त्यांनी शिम उजेडाकडे धरले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कानस बाबांचीच. सर, ह्ये परत घाला. दुसरं कापायची गरज न्हाई."

ताईला फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं फाटकवाल्याला शिव्या देत होते. आता त्यालाही सोडायला हवं."

नवा कंडेन्सर मिळाला, वेटोळे पुन्हा गुंडाळून घेतले. हे लिहून झाले की टेबलावरचे तीन तुकडे पुन्हा मॅग्नेटोखाली जातील: पाच, पाच आणि तीन थाऊ.